प्रवेशाची खिडकी, आतल्या बाजूने

प्राध्यापक नोकरीला लागला की त्याला ओरिएंटेशनचं प्रशिक्षण असतं, मग रिफ्रेशर असतात, आणि ते केल्याशिवाय त्याची पुढची वेतनश्रेणी हलत नाही. कारकुनाचं तसं नाही. मराठी टायपिंग ३० शब्दांचं नाहीतर इंग्रजी ४० शब्दांचं, एमएस-सीआयटी, आणि मग "बसा त्या टेबलावर." पुढचं सगळं शेजारच्या टेबलावरचा माणूस शिकवतो. त्याला जेवढं येतं तेवढं तुम्हाला येतं, आणि त्याच्या खोडीही तुमच्या होतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर-घाटंजीच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित कॉलेजात प्रवेश आणि नोंदणीचं टेबल सांभाळते. मला काम शिकवलं आमच्या मोठ्या बाबूंनी, आणि मन लावून शिकवलं. पण त्यांना शिकवणारे बाबू १९८३ च्या आधीचे, म्हणजे अमरावती विद्यापीठ झालंच नव्हतं आणि आमचा भाग नागपूर विद्यापीठात होता तेव्हाचे. त्यामुळे आमच्या ऑफिसात काही गोष्टी का करतात ते कुणालाच सांगता यायचं नाही. "पहिल्यापासून करतो" एवढंच उत्तर.

जिल्ह्याच्या ठिकाणी प्रवेश आणि नोंदणी पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा आहे, असं पत्र आलं तेव्हा बारावीचा निकाल लागून गेला होता आणि खिडकीसमोर रांग होती. अशा वेळी माणूस सोडायचा म्हणजे प्राचार्यांच्या कपाळाला आठी. तरी सोडलं, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही रकाना होता आणि आमचा तो रकाना कोरा होता. "मॅडम, सर्टिफिकेट न विसरता आणा," असं मला जाताना सांगितलं गेलं. काय शिकून या, ते कुणी सांगितलं नाही.

सकाळचा भाग पटकन आटोपते. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं भाषण. त्यानंतर शहरातून आलेले एक व्यक्तिमत्त्व विकासवाले सर बोलले. विद्यार्थ्याशी बोलताना हसतमुख राहा, त्याच्या डोळ्यांत पाहा, त्याला नावाने हाक मारा. माझ्या शेजारी वणीकडच्या एका कॉलेजातले बाबू बसले होते. ते हळूच म्हणाले, "खिडकीच्या जाळीतून डोळे दिसत नाही जी, नुसते हात दिसते. एका हातात टीसी, दुसऱ्या हातात पाचशेची नोट."

मग नवीन शैक्षणिक धोरणाचं सत्र. हे ऐकणं गरजेचं होतं, कारण त्या धोरणाने सगळ्यात जास्त काम वाढवलं ते आमच्या टेबलावर. पूर्वी बी.ए.चा फॉर्म म्हणजे तीन विषय आणि दोन भाषा. आता मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी अशा आद्याक्षरांचे विषयगट, आणि एका सत्राला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जुळवायचे. पोरगं येतं आणि म्हणतं, "मॅडम, मले मराठी, इतिहास आन् राज्यशास्त्र पाह्यजे. बाकी तुम्ही काई बी टाका." ते "काई बी" आम्ही टाकतो. कुठल्या मुलाच्या पदरात कुठला मायनर पडला हे कित्येकदा प्राध्यापकांना नंतर कळतं. व्याख्यान छान झालं, पण ते प्राध्यापकांसाठी तयार केलेलं होतं. फॉर्म गेल्यावर पोराला मायनर बदलायचा असेल तर कुणाच्या सहीने बदलायचा, असं मागून एका ताईंनी विचारलं. त्यावर सर म्हणाले, "तो तांत्रिक मुद्दा आहे." आमचं सगळं आयुष्य त्या तांत्रिक मुद्द्यातच जातं.

त्या सत्रातली एक गोष्ट मात्र मी वहीत ठळक लिहून घेतली. तिच्याकडे पुढे येते.

जेवणानंतर एक निवृत्त अधीक्षक उभे राहिले. प्रोजेक्टर बंद करायला सांगितला. पिशवीतून फायली काढल्या, नावं-पत्ते काळ्या शाईने झाकलेल्या, आणि एकाच मुलीच्या फायलीची झेरॉक्स प्रत्येक टेबलावर ठेवली. म्हणाले, "ही पोरगी खिडकीवर उभी आहे. बी.ए. पहिलं वर्ष. तिला तुम्ही काय सांगाल ते लिहा. भाषण नको. ती घरी जाऊन बापाला जे सांगेल तेवढंच."

फाईल अशी होती. बारावीची मार्कशीट आणि टीसी, दोन्ही ठीक. टीसीवर वडिलांचं नाव 'महादेव', मार्कशीटवर 'महादेवराव', आधारवर 'महादेवरावजी'. आपल्या भागात मान देता देता नाव कसं लांबत जातं ते सांगायला नको. टीसीवरची जन्मतारीख पावसाळ्यातली, आधारवरची १ जानेवारी. आधार काढताना जन्माचा कागद नसला की अशी १ जानेवारी पडते. आमच्याकडच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, निम्म्या पोरांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात ते त्यामुळेच. बारावीनंतर मधली दोन वर्षं रिकामी. अनुसूचित जमातीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी, म्हणजे त्या दाखल्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, नाही. उत्पन्नाचा दाखला आहे, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली.

आम्ही लिहिलं. त्यांनी सगळे कागद गोळा करून मोठ्याने वाचले. एका टेबलाने व्हॅलिडिटी आणायला सांगितलं होतं. दुसऱ्याने वडिलांच्या नावाचं गॅझेट करायला. तिसऱ्याने आधार दुरुस्त होईपर्यंत प्रवेश थांबवा म्हटलं होतं. गॅपसाठी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र तर जवळजवळ सगळ्यांनी मागितलं होतं. एकाने नॉन-क्रिमिलेअरही मागितलं, जे अनुसूचित जमातीला लागतच नाही. फाईल एक, मुलगी एक, आणि जेवढी टेबलं तेवढ्या चिठ्ठ्या. हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही, कारण मग त्यांनी खर्च मांडायला घेतला.

जूनचा महिना. कापसाचे पैसे कधीच संपलेले, पीककर्जाची फाईल बँकेत पडलेली, वावरात पेरणीची घाई. तालुक्याला जायचं म्हणजे बापाची नाहीतर मायची मजुरी बुडते. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण मजुरी बुडते ती पूर्णच. दाखल्यांसाठीच्या सेतू केंद्रात अर्ज, मग नायब तहसीलदारांची सही, मग पुन्हा सेतू. स्टॅम्प पेपर तर १०० चा बंद होऊन २०२४ मध्ये ५०० चा झाला. "तुम्ही 'गॅपचं ॲफिडेव्हिट आणा' हे तीन शब्द बोलता," ते म्हणाले, "ते तीन शब्द तिला हजाराला पडतात. ती परत आली नाही तर तुमच्या रजिस्टरला ते कुठेच दिसत नाही. नाकारलेल्याची नोंद असते, न आलेल्याची नसते."

मग त्यांनी फायलीतल्या कागदांचे टेबलावर चार ढीग केले. कशामुळे प्रवेश अडतो. कशामुळे शिष्यवृत्ती अडते. कशामुळे पुढे नोंदणी, निकाल, डिग्री अडते. आणि कशामुळे काहीच अडत नाही. प्रत्येक कागद हातात घेऊन तो कुठल्या ढिगात जातो ते आमच्याकडून वदवून घेतलं.

मार्कशीट आणि टीसी पहिल्या ढिगात. ती आहेत, म्हणजे प्रवेश द्या. व्हॅलिडिटी इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना लागते, साध्या बी.ए.ला तिच्यापायी मुलीला परत पाठवायचं कारण नाही, चौथा ढीग. पण तिला पुढे बी.एड. वगैरे करायचं असेल तर व्हॅलिडिटीला लागणारा वेळ पाहता आत्तापासून तयारी करा, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा आजोबा-पणजोबांचा पुरावा शोधायला लागा, हे सांगणं आपलं काम. उत्पन्नाचा दाखला दुसऱ्या ढिगात. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरायच्या आत नवा आणला की झालं. गॅपसाठी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र घ्या. जिथे कायद्याने प्रतिज्ञापत्र सक्तीचं नाही तिथे ते मागू नका, असं शासनाने २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. वडिलांचं 'राव' आणि 'रावजी' चौथ्या ढिगात. मुलीचं स्वतःचं नाव मात्र दहावीच्या मार्कशीटप्रमाणे अक्षर न अक्षर, कारण नोंदणीत जे जाईल तेच डिग्रीवर छापून येईल.

राहिली आधारवरची जन्मतारीख. ती तिसऱ्या ढिगात गेली आणि तिथेच सगळ्यात जास्त वाद झाला. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा क्रेडिट जमा होणारा कायमचा क्रमांक, काढायचा तर माहिती आधारशी जुळायला लागते, आणि आयडी नसेल तर क्रेडिट जमा व्हायचे कुठे? पण म्हणून टीसी बदलून आणायला सांगायचं नाही. शाळा सुटल्यावर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं सोपं नसतं, आणि इथे टीसी बरोबरच आहे. चूक आधारची आहे. आधारवर जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, नाव दोनदा. म्हणून आधार केंद्रावर जाताना दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्यायला तिला बजावून सांगायचं, कारण घाईत चुकीचं पडलं तर दुसरी संधी सहज मिळत नाही. आणि हे सगळं होईपर्यंत तिने वर्गात बसायचं, घरी नाही.

वणीचे बाबू उठून म्हणाले, "सर, ऑडिटवाला विचारते ना मंग. कागद नाही तर प्रवेश कसा देल्ला म्हणून." त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आपण जास्तीचे कागद मागतो ते मुलाला त्रास द्यायला नाही, स्वतःच्या पाठीवर काही येऊ नये म्हणून. अधीक्षकांचं उत्तर मला पटलं: हमीपत्र घ्या, त्यावर कुठला कागद कधीपर्यंत हे लिहा, प्राचार्यांची सही घ्या, म्हणजे जबाबदारी एकट्या कारकुनाची राहत नाही.

जाता जाता त्यांनी आणखी एक विषय काढला आणि सभागृहात चुळबूळ झाली. मूळ कागदपत्रं ठेवून घेण्याचा. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे: मूळ मार्कशीट, मूळ दाखले समोर पडताळायचे आणि लगेच परत द्यायचे. प्रवेश रद्द केला तर फी परत करण्याचे टप्पेही त्यात आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी रद्द करायला आलं तर १०० टक्के, त्यानंतर तारखेच्या आत ९०, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, महिन्याच्या आत ५०. किती कॉलेजांत हे पाळलं जातं असं त्यांनी विचारलं नाही. ज्यांच्याकडे मूळ मार्कशीटचं कपाट आहे त्यांनी हात वर करा, एवढंच म्हणाले. हात वर झाले नाहीत, पण बरेच जण खाली पाहत होते.

आमच्याकडे ते कपाट होतं. परत आल्यावर पहिला खटका त्यावरूनच उडाला. मोठ्या बाबूंचं म्हणणं सरळ होतं: "मार्कशीट आपल्यापाशी राहिली म्हणजे पोरगं दुसऱ्या कॉलेजात जात नाही आन् फीही भरते." खरंच आहे, वर्गातली संख्या टिकली नाही तर तुकडी जाते, तुकडी गेली तर शिक्षकाची जागा जाते, आणि ग्रामीण भागात ही भीती फुकटची नाही. मी वाद घातला नाही. अधिसूचनेची प्रत काढून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी ती वाचली, दोन दिवस काही बोलले नाहीत, आणि मग कपाट रिकामं करायला सांगितलं. जुन्या मार्कशीट वाटताना कळलं की काही मुलं पास होऊन पुण्याला कंपनीत लागलीसुद्धा होती, आणि त्यांनी बोर्डाकडून दुय्यम प्रत काढून घेतली होती. मूळ आमच्या कपाटात.

चार ढिगांची मी एक छापील चिठ्ठी केली. कुठला कागद, कुठे मिळतो, कुणाची सही लागते, कधीपर्यंत चालेल, आणि खाली मोठ्या अक्षरात 'प्रवेश झाला आहे' किंवा 'प्रवेश थांबला आहे'. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरली. आधी पोरं चिठ्ठी घेऊन घरी जायची आणि बाप विचारायचा, "झालं का मंग ॲडमिशन?" तर पोराला सांगता यायचं नाही.

आदिलाबादकडून येणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठीचा वेगळा रंग ठेवला. आमच्यापासून तेलंगणा जवळ. तिकडे इंटर, म्हणजे आपली बारावी, झालेली मुलं मामाकडे राहून आमच्याकडे शिकतात. त्यांना दुसऱ्या बोर्डाचं म्हणून मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, लागतं आणि पात्रतेचा अर्ज करावा लागतो. शिवाय तिकडे आडनाव आधी आणि तेही नुसत्या आद्याक्षराने लिहिलेलं. आमच्या पोर्टलला आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे वेगळे रकाने लागतात. आडनावाच्या जागी नुसता 'के' असेल तर त्याचं काय करायचं? हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. शेवटी विद्यापीठात फोन करूनच मिटवलं.

आता वहीत लिहून घेतलेली ती गोष्ट. क्रेडिटच्या सत्रात सरांनी ओझरतं सांगितलं होतं की पहिल्या वर्षानंतर मुलाला शिक्षण सोडावं लागलं तर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांवर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांच्या आत डिग्री पूर्ण करता येते. क्रेडिट बँकेत पडून राहतात, वाया जात नाहीत. प्राध्यापकांच्या दृष्टीने हा आराखड्याचा एक भाग. आमच्या टेबलावर तो उन्हाळ्यात येतो, नव्या कोऱ्या साडीत.

परीक्षा झाली की लग्नं ठरलेल्या मुली टीसी मागायला येतात. पूर्वी आम्ही काय करायचो? अर्ज घ्यायचा, ग्रंथालयाचं ना-देय पाहायचं, टीसी फाडून द्यायची आणि रजिस्टरला लाल शाईने 'लेफ्ट' लिहायचं. पाच मिनिटांचं काम. आता अशी मुलगी आली की मी तिला आधी बसवते. अपार आयडी कागदावर लिहून देते, डिजिलॉकर तिच्या स्वतःच्या मोबाईलवर उघडून दाखवते, आणि सोबत आलेल्या माणसालाही सांगते की सासरच्या गावी कॉलेज असेल तर ही पोरगी तिथून पुढे शिकू शकते. मागे एकीची आत्या सोबत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग हे पोराकडच्याईले तुमीच सांगा ना जी, आमचं कोन आयकते." मी नंबर घेऊन फोन केला. पलीकडच्यांनी "पाहू" म्हटलं. पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही.

मोबाईल स्वतःचा हवा, हे मी दरवेळी अडून सांगते, कारण आधारला जोडलेला नंबर बापाचा असतो आणि बापाचा मोबाईल वावरात असतो. ओटीपी येतो तिकडे, मुलगी इकडे खिडकीवर. कधी तो नंबर बंद पडून वर्ष झालेलं असतं. शिष्यवृत्तीचं आणखीच वेगळं. पोरं पासबुकाची झेरॉक्स देतात एका बँकेची आणि पैसे जातात दुसरीकडेच, कारण आधारवर आधारलेलं पेमेंट शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं गेलं तिथे पडतं. मग कळतं की सिम विकणाऱ्याने अंगठा घेताना सोबत एक खातंही उघडून दिलं होतं. अनुसूचित जातीच्या मुलांच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजात भरायची असते. खातंच माहीत नसेल तर तो भरणार काय, आणि आम्ही मागणार कुणाला?

यावर कार्यशाळेत एक शब्द झाला नाही. अभिप्रायाच्या फॉर्मवर मी तसं लिहिलं. मोठे बाबू म्हणाले, "हे लोकं वाचत नाही ते." वाचत नसतीलही. तरी यंदा कार्यशाळेचं पुन्हा पत्र आलं तेव्हा मी प्राचार्यांच्या सहीने उत्तर पाठवलं. कार्यशाळा जूनमध्ये नको, एप्रिलमध्ये ठेवा. परीक्षा सुरू असल्या तरी तेव्हा खिडकीवर रांग नसते. प्रत्येकाने आपल्या कॉलेजातल्या अडलेल्या पाच फायली नावं झाकून आणायच्या. त्या अधीक्षकांना पूर्ण दिवस द्या. आणि हसतमुख कसं राहायचं ते सांगणाऱ्या सरांऐवजी एक सेतूवाला आणि एक बँकेचा माणूस बोलवा. मानधन त्यांना कमीच द्यावं लागेल.